घरीच बनवा ऑडिओ केबल, पण पिन आणि वायर पारखून

जुन्या कॅसेटमधला आवाज जपायचा असो की टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकायचा असो, सगळं अडतं ते हातभर वायरीपाशी. ही वायर घरी बनवणं अवघड नाही. मात्र सामान नीट निवडलं नाही, तर कष्ट आणि पैसे दोन्ही वाया जातात. कधी कधी त्याहूनही मोलाचं काही हातचं जातं.

गेल्या वर्षी मामांकडे माळा साफ करताना एक कॅसेट सापडली. तिच्यावर आजीच्या हातची नाही, पण मामांच्या अक्षरात एक चिठ्ठी होती: 'आई, ओव्या, १९८९.' आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज कुठे उरला असेल, असं आम्हा कुणाच्या मनातही नव्हतं. आईनं कॅसेट हातात घेतली आणि एवढंच म्हणाली, "हे संगणकात घालता येतं ना गं?"

येतं, हे मला माहीत होतं. मामांचा जुना टू-इन-वन अजून चालू होता. मी पदपथावरून एक तयार केबल आणली. एक टोक टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकात, दुसरं संगणकात. कॅसेट लावली तर आवाज एकाच बाजूनं, आणि ओवीपेक्षा 'घर्रर्र'च मोठी. केबल हलवली, उलटी केली, कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. असं आठ-दहा वेळा झालं. शेवटी फीत आत गुंडाळली गेली आणि दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीचा बराच भाग चुरगळला. तो पुन्हा कधीच नीट वाजला नाही.

दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी ती केबल कापून दाखवली तेव्हा खरा प्रकार कळला. जाड, गुबगुबीत प्लास्टिकच्या आत केसासारख्या चार-पाच तारा आणि त्यांच्याभोवती जाळीचा पत्ताच नाही. "ताई, ही वायर नाही, नुसतं प्लास्टिक आहे," काका म्हणाले. "कॅसेट जपायची असेल तर आधी केबल तपासा. तीसुद्धा दुसरी कॅसेट लावून."

त्यानंतर मी स्वतः केबल बनवायला शिकले. जे चुकत चुकत शिकले, ते वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे देत आहे.

आधी पिन ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या यंत्रामागची भोकं नीट पाहा. घरात साधारण चार प्रकारच्या पिना लागतात.

मोबाइल, संगणक, हेडफोन यांची बारीक पिन ३.५ मिलिमीटरची असते. बाजारात तिला 'ईपी पिन' म्हणतात. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तिचं भोक गेलं आणि मग इतर अनेक मोबाइलमधूनही गेलं. संगणकावर, टीव्हीवर आणि छोट्या स्पीकरवर मात्र ती अजून टिकून आहे.

तिचीच मोठी बहीण ६.३५ मिलिमीटरची. दुकानदार तिला 'पी-३८' म्हणतात. गिटार, अँप्लिफायर, भजनी मंडळाचा मिक्सर यांना ती लागते. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हातानं फोन जोडत, तेव्हापासूनची ही पिन आहे.

टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, कॅसेट डेक यांच्यामागे लाल-पांढरी जोडी असते ती 'आरसीए'. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. आणि मोठ्या मायक्रोफोनला असते ती तीन काट्यांची 'एक्सएलआर'.

ईपी आणि पी-३८ पिनांवरचे काळे पट्टे मोजायला विसरू नका. एक पट्टा असेल तर पिन मोनो, दोन असतील तर स्टिरिओ, तीन असतील तर माइकसह हेडफोनची. स्टिरिओ पिनेचं टोक डाव्या आवाजाचं, मधलं कडं उजव्या आवाजाचं आणि मागचा भाग अर्थिंगचा.

माझा एका बाजूचा आवाज इथेच अडकला होता. मामांचा टू-इन-वन मोनो, आणि मी घातलेली पिन स्टिरिओ. त्यामुळे मधलं कडं थेट अर्थिंगला टेकत होतं आणि उजवी बाजू मुकी होत होती. उपाय सोपा होता. टू-इन-वनच्या टोकाला मोनो पिन लावायची, संगणकाच्या टोकाला स्टिरिओ पिन लावायची आणि तिचं टोक व मधलं कडं एकमेकांना जोडायचं.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. एका यंत्रातून निघणारा आवाज दोन ठिकाणी वाटून दिला तर चालतो, पण दोन बाहेर येणारे आवाज थेट एकत्र बांधू नका. तसं केल्यास दोन्ही बाजू एकमेकींवर जोर लावतात, आवाज फाटतो आणि यंत्रालाही इजा होऊ शकते.

सोनेरी म्हणजे उत्तम नव्हे

दुकानदार सोनेरी पिन पुढे करतो आणि आवाज गोड होईल असं सांगतो. सोन्याच्या मुलाम्यानं आवाज गोड होत नाही. सोनं काळवंडत नाही, त्यामुळे दमट हवेतही जोड स्वच्छ राहतो, एवढाच त्याचा फायदा. चांगली निकेलची पिनसुद्धा वर्षानुवर्षं टिकते. शिवाय स्वस्त पिनेवर नुसता पिवळा रंगही असू शकतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी पाहा. टोपण धातूचं आहे का आणि त्याचे आटे नीट बसतात का? वायर घट्ट पकडायला आत चिमटा आहे का? आणि भोकात घातल्यावर पिन डुगडुगते का? बहुतेक केबल तारेत नाही, पिनेच्या मानेशी तुटतात. म्हणून वायरीची जाडी पिनेच्या मागच्या भोकात बरोबर बसेल अशीच घ्या.

वायर आतून पाहा

टू-इन-वन, टीव्ही किंवा माइकमधून येणारा आवाजाचा प्रवाह अगदी क्षीण असतो. घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाची घरघर त्यात सहज शिरते. तिला अडवण्यासाठी आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी हवी. अशा वायरीला 'शिल्ड वायर' म्हणतात.

आरसीएच्या प्रत्येक पिनेसाठी एक कोअरची, स्टिरिओ ईपी पिनेसाठी दोन कोअरची आणि एक्सएलआर माइकसाठीही दोन कोअरची शिल्ड वायर मागा. दुकानातच टोक सोलून पाहा. घट्ट विणलेली जाळी उत्तम. नुसती गुंडाळलेली जाळी वायर वाकली की फाकते. चंदेरी पन्नी चांगलं झाकते, पण सतत हलणाऱ्या केबलमध्ये तुटते. माइकची वायर रोज गुंडाळली जाते, म्हणून तिथे विणलेलीच घ्या.

तार तांब्याचीच आहे ना, हेही तपासा. हल्ली अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर देऊन वायरी विकतात. वरून रंग तोच दिसतो, पण तितक्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत या तारेचा विरोध सुमारे दीडपट असतो. शिवाय ती लवकर तुटते. ब्लेडनं एक तार खरवडा. आतून चंदेरी निघाली तर समजा अॅल्युमिनियम. मात्र तांब्याच्या तारेवर कथिलाचा थर असेल, तर ती वरून चंदेरी आणि आतून लाल दिसते. ती चांगली. जवळ लोहचुंबक ठेवा. त्याला तार चिकटली तर आत लोखंड आहे.

'ऑक्सिजन-फ्री कॉपर' असं छापलेल्या वायरीसाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही. घरगुती वापरात साधं चांगलं तांबं आणि हे तांबं यांतला फरक कानाला कळत नाही. लांबी मात्र गरजेपुरतीच ठेवा. विशेषतः रेकॉर्ड प्लेअर आणि गिटारच्या लांब केबलमध्ये आवाजाची धार बोथट होते.

स्पीकरचं गणित वेगळं

अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारा प्रवाह बलवान असतो. तिथे जाळी लागत नाही, लागते ती जाडी. सोपा नियम असा, की वायरीचा जाता-येता मिळून होणारा विरोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

समजा, स्पीकर ८ ओहमचा आहे आणि ६ मीटर दूर आहे. म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तार. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध साधारण ०.२ ओहम भरतो, म्हणजे अडीच टक्के. उत्तम. ०.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ५ टक्के, म्हणजे काठावर. बाजारातली अगदी बारीक ०.२ ची लाल-काळी वायर घेतली तर विरोध १ ओहमच्या वर जातो. मग आवाज दबतो आणि ठेका ढिला वाटतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर जाडी दुप्पट धरा. घरातल्या विजेच्या कामाची आयएसआय चिन्हाची १.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायरही इथे छान चालते.

दोन्ही स्पीकरना लाल-काळं सारखंच जोडा. एकाचं उलट झालं तर खालचे सूर एकमेकांना खोडतात आणि तबल्याचा बायाँ गायब होतो.

डाग देताना

२५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि आत राळ असलेली ६०/४० ची सोल्डर तार पुरे. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स चुकूनही वापरू नका, तारा कुजतात.

सगळ्यात आधी पिनेचं टोपण वायरीत ओवा. डाग देऊन झाल्यावर टोपण टेबलावरच राहिलंय हे लक्षात येणं, हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव आहे. माझाही आहे. मग तार आणि पिनेचा कान या दोन्हींना आधी वेगवेगळं कथिल लावून घ्या. डाग देताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा, म्हणजे आतलं प्लास्टिक वितळून पिन वाकडी होत नाही. चांगला डाग गुळगुळीत आणि चमकदार दिसतो, गोळा झालेला नाही.

सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, तार तोंडात धरू नका, मुलांना दूर ठेवा आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

शेवटी मल्टिमीटर लावा. टोकाशी टोक आणि अर्थिंगशी अर्थिंग 'बीप' झालं पाहिजे. टोक आणि अर्थिंग यांच्यात मात्र बीप होता कामा नये. मीटर लावून ठेवून केबल हलवून पाहा.

या चुका जिवावर बेततात

मांडवात आणि काही घरांतही स्पीकरच्या वायरीला विजेची दोन काट्यांची पिन लावलेली दिसते. ती स्वस्त मिळते म्हणून. पण लहान मूल असो वा अंधारात घाई करणारा कार्यकर्ता, ती पिन २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायला एक क्षण पुरतो. अशी पिन घरात असेल तर आजच कापून टाका.

दुसरी चूक घरघर थांबवण्यासाठी विजेच्या पिनेचं अर्थिंग काढून टाकण्याची. अर्थिंग जीव वाचवण्यासाठी असतं. त्याऐवजी दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, टू-इन-वन सेलवर चालवा. बहुतेक वेळा घरघर तिथेच थांबते. आणि कोणतीही केबल काढता-घालताना आवाज आधी शून्यावर आणा.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेची तपकीर गल्ली, दिल्लीत लाजपत राय मार्केट, बंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. यांपैकी कुठेही पिना सुट्या आणि वायर मीटरवर मिळते. जाताना यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो आणि हवी ती लांबी लिहून न्या. पिना दोन जास्त घ्या. पहिली एखादी नक्की बिघडते.

माझी पहिली केबल बिघडली, दुसरी जमली. काकांच्या सांगण्याप्रमाणे ती आधी एका जुन्या, टाकाऊ कॅसेटवर तपासली. मगच आजीची कॅसेट लावली, फक्त एकदाच. एका बाजूच्या सगळ्या ओव्या स्वच्छ उतरल्या. मध्ये जात्याची घरघर आहे. ती मात्र केबलची नाही, खरी आहे.

आई ते रेकॉर्डिंग रोज सकाळी ऐकते. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला काय होतं, हे तिनं मला कधी विचारलं नाही. तुमच्या माळ्यावरही अशी एखादी कॅसेट असेल, तर ती लावण्याआधी केबल तपासा.