शेवाळ काढा, पण दमानं

परसातल्या तळ्यात हिरव्या केसांसारखं लांब शेवाळ माजलं की जीव घाबरा होतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाचंही तसंच झालं. आम्ही घाईनं मोरचूद टाकलं. शेवाळ मेलं, पण तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू, कटलाही मरून तरंगत होते. कर्जाचा हप्ता मात्र तसाच उभा!

मोरचूद जास्त झालं तर माशांनाही विषच. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. पहाटे तो आधीच सगळ्यात कमी असतो.

आता आम्ही बांबूला काटेरी फांदी बांधतो, शेवाळ गुंडाळून ओढतो. आज एक कोपरा, दोन-तीन दिवसांनी दुसरा. काढलेलं काठावर ठेवत नाही, खतखड्ड्यात टाकतो.

पण नुसतं काढून भागत नाही. शेवाळाला खत आणि ऊन हवं असतं. म्हणून गोठ्याचं पाणी चर खणून दुसरीकडे वळवलं. शेवाळ असेपर्यंत तळ्यात शेण टाकत नाही. खाद्य मासे लगेच संपवतील तेवढंच. पाणी उथळ होऊ देत नाही, कारण तळापर्यंत ऊन पोचलं की शेवाळ तिथूनच धरतं. थोडे गवत्या मासेही सोडलेत, ते थोडंफार शेवाळ खातात.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि ताजं पाणी उंचावरून पाडा.

शेवाळ पुन्हा येईल, आपण पुन्हा काढू. मासे मात्र जगले पाहिजेत.