जळक्या तेलाचें करावें काय?

गृहस्थाश्रमांतील कित्येक प्रश्न रोज डोळ्यांपुढें असूनहि त्यांना प्रश्न म्हणून ओळखण्याची तसदी आपण घेत नाहीं. महिन्यास तांदूळ किती लागला, दूध किती आलें, विजेचें देयक किती झालें, ह्याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबांतहि, गाडींतून काढलेलें जुनें तेल गेलें कोठें असें कोणी विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. "मेकॅनिकनें काढलें", एवढेंच सांगतां येतें. आमचीहि अवस्था कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत अशीच होती. तींतून आम्ही कसे बाहेर पडलों आणि पालघर-बोईसरकडील कुटुंबांनीं ह्या बाबतींत काय करावें, हें ह्या लेखांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. विषय रुक्ष आहे खरा. पण ज्या घरीं विहीर आहे आणि मुलेंबाळें आहेत त्या घरास तो परका नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. 'तैल' हा शब्द 'तिल' म्हणजे तीळ ह्यापासून निघाला. मूळ तेल तें तिळाचें. पुढें करडईचें, खोबऱ्याचें, भुईमुगाचें तेंहि तेलच झालें. आणि शेवटीं भूगर्भांतून काढलेल्या खनिज द्रवासहि तेंच नांव मिळालें. ह्या नामसाम्यानें आपली समजूत मात्र बिघडविली. तिळाचें तेल अंगणांत सांडलें तर मुंग्या येतात आणि कांहीं दिवसांत माती तें पचवून टाकते. यंत्राच्या तेलाचें तसें नाहीं. तें मातींत फार सावकाश विघटित होतें; आणि इंजिनांतून निघालेलें जळकें तेल म्हणजे नुसतें तेलहि नव्हे. यंत्राचे भाग एकमेकांवर घासून निघालेला लोखंड, तांबें, शिसें इत्यादि धातूंचा सूक्ष्म कीस त्यांत असतो. तेलांत मुद्दाम मिसळलेलीं जस्तासारखीं द्रव्यें असतात. इंधनाची काजळी असते. आणि तापून तापून तयार झालेलीं अशीं कांहीं रसायनें असतात कीं, त्यांपैकीं कित्येकांमुळें कर्करोग होतो हें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. त्याचा काळा रंग हा नुसता मळ नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों. आमचें कुटुंब एकत्र. घरांत चार दुचाक्या, एक मोटार व शेतावर एक डिझेलचा पंप. आमच्या पुतण्यास यंत्रांची आवड. गाड्यांचें तेल तो सुटीच्या दिवशीं घरींच बदलीत असे. पैसे वांचतात, मुलगा हातानें काम करतो, ह्याचें आम्हांस कौतुकच वाटे. निघालेलें तेल तो परसांत फणसाखालीं खणलेल्या खड्ड्यांत ओतीत असे. हें आम्ही अनेक वर्षें पाहिलें, आणि आयुष्यभर मुलांना स्वच्छतेचे धडे दिलेल्या आम्हांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. खड्ड्यापासून विहीर पंधरा-वीस पावलांवर होती.

एका आषाढांत, चार दिवस संततधार लागून विहीर वरपर्यंत भरली असतां, आमच्या सूनबाईंनीं पाण्याची घागर आमच्यापुढें आणून ठेविली. पाण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा पातळ तवंग होता. वासहि येत होता. तो दोष आमच्या खड्ड्याचाच होता असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. परंतु दुसरें कारण शोधूनहि आम्हांस आढळलें नाहीं. विहीर दोनदां उपसली. त्या वर्षीं तिचें पाणी पिण्यास वापरलें नाहीं, आणि शेजारच्या ज्या दोन घरांस ती विहीर उपयोगीं पडे त्यांच्यापुढें जाऊन खरें काय तें सांगावें लागलें. शेजारीं भले; त्यांनीं एक शब्दहि उणा बोलला नाहीं. त्यामुळेंच तो प्रसंग आम्हांस अधिक लागला.

अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण खात्यानें दिलेली माहिती अशी आहे कीं, मोटारीच्या एका वेळच्या तेलबदलांतून निघणारें तेल दहा लक्ष गॅलन, म्हणजे सुमारें ३८ लक्ष लिटर, गोडें पाणी दूषित करूं शकतें. आमच्या घरचा हिशेब आम्हीं मांडून पाहिला. चार दुचाक्यांचें वर्षांतून दोनदां प्रत्येकी एक लिटर धरलें तर आठ लिटर, मोटारीचें साडेतीन, पंपाचें अडीच; एकूण वर्षाला चवदा लिटर. आमच्यासारखीं वीस घरें धरलीं तर २८० लिटर होतें, म्हणजे दोनशें लिटरचें एक पिंप भरून वर आणखी उरतें. पालघर-बोईसरच्या रस्त्यांवर धांवणाऱ्या रिक्षा, ट्रक व टेंपो, आणि सातपाटी, मुरबे, दातिवरे येथील मच्छीमार नौकांचीं यंत्रें ह्यांचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

आणि आपला प्रदेश ह्या बाबतींत आधींच गांजलेला आहे. तारापूरला अणुवीजकेंद्र १९६९ मध्यें सुरू झालें. पुढें औद्योगिक वसाहत वाढली. बोईसर खेड्याचें शहर झालें. हजारों कुटुंबांस अन्न मिळालें हें खरें, परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला त्यांत तारापूर ९३.६९ गुणांनीं सर्वांत वर होतें. पहिला नंबर आल्याचें दुःख व्हावें अशी ही एकच परीक्षा! नवापूरच्या समुद्रांत जाणाऱ्या सांडपाण्यामुळें मासळी मरते, ही कोळी बांधवांची जुनी तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें ती राष्ट्रीय हरित लवादापुढें नेली, आणि जानेवारी २०२२ मध्यें लवादानें कारखान्यांवर नुकसानभरपाई बसविणारा निर्णय दिला. सातपाटीच्या ज्या पापलेटाची कीर्ति दूरवर गेली त्याला महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं राज्यमाशाचा मान दिला. पण मानपत्रानें मासा जगत नाहीं, त्याला स्वच्छ पाणी लागतें. कारखान्यांस दोष देण्याचा आपणांस अधिकार आहे. मात्र आपल्या परसांतील ओहोळ ओढ्यास, ओढा खाडीस आणि खाडी त्याच समुद्रास मिळते, हें विसरून तो अधिकार गाजवितां येणार नाहीं.

विहिरीच्या प्रसंगानंतर खड्डा बुजविला. परंतु तेल निघतच राहिलें. तें एका डब्यांत सांठवून आम्ही त्याला योग्य ठिकाण शोधूं लागलों. प्रथम भंगारवाल्यास विचारलें. तो आनंदानें तयार झाला, वर चार पैसेहि देऊं लागला. "नेऊन काय करतोस?" असें विचारतां तो म्हणाला, "काका, वीटभट्टीवाले नेतात, नाहींतर सेंट्रिंगवाले." भट्टींत हें तेल जाळलें म्हणजे त्यांतील धातु धुरावाटे हवेंत जातात आणि भट्टीवर राबणाऱ्या मजुरांच्या व त्यांच्या तान्ह्या मुलांच्या श्वासांत शिरतात. आमची पीडा त्यांच्या माथीं मारण्यासारखें तें झालें असतें. म्हणून त्याला नाहीं म्हटलें. एका पेट्रोलपंपावर चौकशी केली. तेथें नवें तेल विकतात, जुनें घेत नाहींत. घंटागाडींत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर तें टाकणें तर सर्वथा अयोग्य. डबा फुटला कीं सगळा कचरा तेलानें माखतो. वास्तविक २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यासाठीं दर वीस चौरस किलोमीटरांस एक संकलन-केंद्र असावें असें सांगितलें होतें. असें केंद्र आपल्या गांवीं कोठें आहे, हें प्रत्येक वाचकानें आपल्या नगरपरिषदेस अथवा ग्रामपंचायतीस लेखी विचारावें. विचारणारे वाढले म्हणजे देणारेहि जागे होतात.

वाट सांपडली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो तारापूरच्या वसाहतींत एका कारखान्यांत देखभाल-विभागांत आहे. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे ह्या तेलाचा थेंबन्‌ थेंब लिहून ठेवावा लागतो." त्याच्याकडून कळलें कीं, केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हें घातक कचऱ्यांत मोडतें. कारखान्यानें तें सामान्यतः नव्वद दिवसांपेक्षां अधिक काळ सांठवूं नये, अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यासच द्यावें, आणि वाहतुकीचें पत्रक करून प्रदूषण नियंत्रण मंडळास त्याची माहिती द्यावी, असा निर्बंध आहे. १८ सप्टेंबर २०२३ ला ह्या नियमांत भर पडून १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरहि जबाबदारी आली. विकलेल्या तेलाच्या कांहीं हिश्शाचें पुनर्चक्रण झाल्याचा दाखला त्यांनीं द्यावयाचा. आरंभीं तो हिस्सा शेंकडा ५ असून पुढें टप्प्याटप्प्यानें शेंकडा ५० पर्यंत जावयाचा आहे. त्यासाठीं कंपन्या, तेल गोळा करणारे व पुनर्चक्रण करणारे ह्या सर्वांची नोंदणी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर होते. म्हणजे आतां जुनें तेल परत मिळविण्यांत खुद्द कंपन्यांचेंहि हित गुंतलें आहे.

पुनर्चक्रण म्हणजे काय, हेंहि थोडक्यांत सांगतों. गोळा झालेल्या तेलांतून आधीं पाणी व हलकें इंधन तापवून काढतात. नंतर निर्वात पात्रांत त्याचें ऊर्ध्वपातन करतात. आणि शेवटीं विशिष्ट मातीनें अथवा हायड्रोजनच्या प्रक्रियेनें तें शुद्ध करतात. जें निघतें तें पुन्हां वंगणाचें मूळ तेल. गंधकाम्ल घालून शुद्ध करण्याची जुनी रीति मागें आम्लयुक्त गाळ ठेवीत असे. ती आतां मान्य नाहीं. ह्यांतील लाभ पाहा: सुमारें १५९ लिटर कच्च्या खनिज तेलांतून जेवढें वंगण निघतें, तेवढेंच वापरलेल्या सुमारें पावणेचार लिटर तेलांतून मिळतें, असें वर सांगितलेल्या अमेरिकन खात्याचेंच म्हणणें आहे. आपला देश कच्चें तेल बाहेरून विकत घेतो. म्हणजे आमच्या फणसाखालीं आम्ही अनेक वर्षें परकीय चलनहि पुरीत होतों!

परंतु पुनर्चक्रण करणारा पिंपांनीं तेल नेतो. घरच्या चार लिटरांसाठीं त्याची गाडी दारीं येत नाहीं. मधला दुवा हवा. विद्यार्थ्याच्या सल्ल्यानें आम्ही ज्या मोठ्या गाडी-दुरुस्तीगृहाकडून अधिकृत संकलक नियमानें तेल नेतो असें एक शोधलें. मालकानें पिंप दाखविलें, तेल नेल्याच्या पावत्या दाखविल्या, आणि आमचा डबा आनंदानें त्यांत रिकामा करून घेतला. मोबदला मागितला नाहीं, आम्हींहि मागितला नाहीं. तेव्हांपासून आमच्या गल्लींतील सहा घरांचें तेल पुतण्या दर तीन महिन्यांनीं तेथें नेऊन देतो. पूर्वीं खड्डा खणणारा हात आतां हें काम करतो, ह्याचा आम्हांस विशेष संतोष आहे.

वाचकांच्या सोयीसाठीं अनुभवाच्या कांहीं गोष्टी सांगतों. तेल काढतांना खालीं पसरट भांडें ठेवावें. सांडलेंच तर पाण्यानें न धुतां लाकडाचा भुसा पसरावा. तें तेलाच्याच मूळ डब्यांत भरून झांकण घट्ट लावावें व वर ठळक अक्षरांत नांव लिहावें. पिण्याच्या पाण्याच्या अथवा सरबताच्या बाटलींत तें कधींहि भरूं नये. मुलांच्या घरांत ही चूक जिवावर बेतेल. त्यांत पाणी, पेट्रोल, रॉकेल किंवा ब्रेकचें तेल मिसळूं नये, कारण मिसळलेलें तेल शुद्ध करणें कठीण होऊन बसतें. तेलाची जुनी गाळणी रात्रभर उपडी ठेवून निथळावी आणि तें तेलहि डब्यांत घ्यावें. नव्या तेलाचे रिकामे डबे भोंकें पाडूनच द्यावे, नाहींतर लबाड लोक त्यांत गाळलेलें जुनें तेल भरून नवें म्हणून विकतात. गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठीं हें तेल फांसण्याची आणि डासांसाठीं डबक्यांत ओतण्याची चाल अजून आहे, ती सोडावी. गाय खांब चाटते, आणि डबक्यांतील पाणी विहिरीस मिळतें. ज्यांची गाडी बाहेर दुरुस्त होते त्यांनीं मेकॅनिकला एवढेंच विचारावें कीं, हें तेल कोण नेतो आणि त्याची पावती दाखवितां काय? मालकाला उत्तर देतां आलें नाहीं तर दुसरें दुकान पाहावें. आणि सर्वच बाबतींत शंका आली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचें उपप्रादेशिक कार्यालय तारापूर वसाहतीसाठीं आहेच. अधिकृत घेणारे कोण, हें तेथें विचारण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे.

पाण्यांत मलमूत्र टाकूं नये, थुंकूं नये, असा नियम आपल्या पूर्वजांनीं तैत्तिरीय आरण्यकांत घालून ठेविला आहे. त्या काळीं मोटारी नव्हत्या म्हणून तेलाचा उल्लेख राहिला. नियमाचा आशय मात्र स्पष्ट आहे. संस्कृतांत 'स्नेह' ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक तेल आणि दुसरा प्रेम. पहिल्या स्नेहाची आपण नीट व्यवस्था लावली नाहीं तर शेजाऱ्यांशीं असलेला दुसरा स्नेह किती काळ टिकेल, ह्याचा विचार आम्हीं त्या आषाढांत केला. आमच्या विहिरीचें पाणी आतां पुन्हां पिण्यास वापरतों. पण पावसाळ्याची पहिली घागर काढतांना सूनबाई अजूनहि ती उजेडांत धरून पाहतात. वाचकांच्या घरीं तशी वेळ येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.