भूल कोणती, आणि कुणाला?

१८८९ साली निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, एका प्रश्नावर खल चालला होता: क्लोरोफॉर्मची भूल सुरक्षित आहे का? निजामाने पैसा पुरवला, इंग्लंडहून तज्ज्ञ आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वासावर नीट लक्ष ठेवलं तर धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. एक प्रश्न मात्र मागेच राहिला: सुरक्षित, पण कुणासाठी?

तो पुढे आला मेलबर्नमध्ये. पाय मोडलेल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पायापेक्षा भुलेचीच धास्ती होती. त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेनंतर दगावले होते. म्हणून डॉक्टरांनी तेव्हा नवं असलेलं हॅलोथेन दिलं. काही मिनिटांतच रक्तदाब घसरला, अंग तापलं. भूल थांबवून बर्फ लावला, तेव्हा तो वाचला. मायकेल डेनबरो आणि रिचर्ड लव्हेल यांनी १९६० साली ही हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये छापली. या विकाराला आज मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. हालचालीची आज्ञा आली की साठ्याची दारं क्षणभर उघडतात, स्नायू आवळतो, कॅल्शियम पुन्हा आत ओढलं जातं. या रुग्णांत ही दारं जन्मतःच कच्ची असतात. दोष बहुधा आरवायआर-१ या जनुकात असतो. एरवी माणूस शेतात राबतो, धावतो, त्याला काही जाणवतही नाही. पण हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन किंवा डेसफ्लुरेनची वाफ, नाहीतर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन शरीरात गेलं, की सिद्धेश्वर धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडावेत तसं कॅल्शियम लोटतं. जबडा घट्ट मिटतो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने चढतो; ताप अनेकदा त्याच्या मागून येतो.

आणि नवल हे, की बाकीची बहुतेक औषधं या दारांना हातही लावत नाहीत. प्रोपोफॉल, थायोपेन्टोन, केटामिन, मिडाझोलम, फेन्टानिल चालतात. वायू असूनही नायट्रस ऑक्साइड चालतो. स्नायू सैल करायला व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम आहेत. दात काढताना हिरडीत देतात ते लिग्नोकेन आणि सिझरला पाठीत देतात ते ब्युपिव्हाकेन, दोन्ही बिनधोक. त्याच विद्यार्थ्याचं पुढे मूतखड्याचं ऑपरेशन पाठीतून भूल देऊन सुखरूप झालं. मात्र औषध निवडून भागत नाही. भुलेच्या यंत्रात आधीच्या रुग्णाची वाफ मुरलेली असते. म्हणून वेपोरायझर काढून, नळ्या आणि सोडा लाइम बदलून यंत्र ऑक्सिजनच्या मोठ्या झोताने धुवावं लागतं.

उघडलेली दारं मिटवणारं औषध आहे डॅन्ट्रोलीन. केपटाऊनच्या गेसफर्ड हॅरिसन यांनी १९७५ साली डुकरांवर त्याचा गुण दाखवला. नेहमीच्या कुपीत ते २० मिलिग्रॅम असतं, ६० मिलिलिटर पाण्यात हलवून हलवून विरघळवायचं. ६० किलोच्या माणसाला पहिल्या मात्रेलाच अशा आठ कुप्या लागतात. भारतात तर ते वर्षानुवर्षं सहजी मिळत नव्हतं. म्हणून खरी राखण आधीच करायची असते.

हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. घरात कुणी ‘टेबलवरच गेलं’ असेल, भुलेत कुणाला अचानक ताप चढला असेल, तर भूलतज्ज्ञाने विचारण्याआधीच त्याला सांगा. स्वतःचं आधीचं ऑपरेशन सुखरूप झालं असलं तरी सांगा, कारण पहिल्या भुलेत काही न होता पुढच्या भुलेत हा विकार उफाळू शकतो. घरच्यांच्या त्या एका वाक्यावर भूलतज्ज्ञ औषधांची अख्खी निवड बदलतो.