पहिला उपचार जवळच्या दवाखान्यातच

लहान मुलाची प्रकृती अचानक ढासळली की पालक बहुधा सर्वांत जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे धाव घेतात. परंतु त्या दवाखान्याचा सारा दिवस ताप, खोकला आणि जुलाब यांतच जात असल्यामुळे क्वचित येणाऱ्या अशा प्रसंगांची तयारी मागे पडते. या तयारीला महागडी यंत्रे लागतात, हा समज कोकणातील एका अनुभवाने केव्हाच खोटा ठरवला आहे.

रायगड जिल्ह्याच्या महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत असत. या विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते, त्यामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आकसून हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात आणि हृदयाला भार पेलेनासा झाला की फुफ्फुसांत पाणी साचते. विष तेवढेच, शरीर मात्र लहान, म्हणून मुलांना धोका अधिक. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदवली आणि १९८० च्या दशकात, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशासाठी वापरात आणले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. हे औषध म्हणजे तोंडाने द्यायची साधी गोळी आहे. दर किलो वजनाला ३० मायक्रोग्रॅम, अर्थात १५ किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅमची जेमतेम अर्धी गोळी, एवढीच तिची मात्रा; फक्त नंतर मुलाला उचलून उभे धरायचे नाही, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो.

महागडी यंत्रे नव्हे, साधे औषध वेळेवर हाताशी हवे, हे तत्त्व इतरत्रही लागू पडते. औषधाच्या किंवा लशीच्या तीव्र ॲलर्जीत, म्हणजे श्वास कोंडून रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेत, ॲड्रेनलिन हेच पहिले औषध होय. अन्य ॲलर्जीविरोधी इंजेक्शने आणि स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि तरीही ती आधी देण्यात मोलाची मिनिटे जातात, ही खेदाची गोष्ट आहे. १५ किलोच्या मुलाला मांडीच्या बाहेरील स्नायूत ०.१५ मिलिलिटर द्यायचे असते आणि एवढा अल्प अंश ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये अचूक मोजता येत नाही. त्यामुळे ॲड्रेनलिनच्या ॲम्प्यूलशेजारी १ मिलिलिटरची सिरिंज ठेवलेली नसेल, तर तयारी अपुरीच म्हणावी लागेल. आकडी पाच मिनिटांहून लांबली तर ती औषधाने थांबवावी लागते. अशा वेळी कांदा हुंगवण्यात किंवा थरथरत्या हाताची शीर शोधण्यात वेळ न दवडता मिडाझोलॅमचा फवारा वजनाच्या हिशेबाने नाकात देता येतो.

वजनाचा उल्लेख वारंवार येतो तो याचसाठी. संकटसमयी मुलाला काट्यावर ठेवण्याची सवड नसते आणि मनातला गुणाकार हमखास चुकतो, म्हणून ५, १०, १५ आणि २० किलोसाठी प्रत्येक औषधाची मात्रा मिलिलिटर, गोळी किंवा फवारे यांत लिहिलेला तक्ता भिंतीवर असणे कोणत्याही उपकरणाइतके महत्त्वाचे ठरते.

ऑक्सिजनची निकड मुलांमध्ये विशेष असते. दर किलोमागे त्यांना प्रौढांच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो, आणि त्यांचे हृदय बहुतेक वेळा आधी श्वास खालावल्यामुळेच बंद पडते. चेहऱ्याच्या मापाचे मास्क आणि हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग यांमुळे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंतचा काळ निभावतो. मोठ्यांचा मास्क बाळाच्या तोंडावर धरला तर हवा बाजूने निसटते.

साहित्याची मुदत दरमहा तपासणे सोपे आहे, सराव मात्र राहून जातो. प्रत्यक्ष संकटात डॉक्टर मुलाजवळ गुंतलेले असतात, तेव्हा फोन कोणी करायचा, तक्ता कोणी वाचायचा आणि ऑक्सिजनचा सिलिंडर उघडण्याची चावी कुठल्या खिळ्याला टांगलेली आहे, हे कंपाउंडरला आधीच ठाऊक असावे लागते.