न दिसणारे सांधे

सोळा किलो वजनाच्या विमानाला ‘मॉडेल’ म्हणायचे, हे आमच्या पिढीला चटकन पचत नाही. आमच्या वेळी एनसीसीच्या एअर विंगमधली मुले बाल्सा लाकडाच्या पट्ट्या ब्लेडने कापून विमाने करीत; ती काखेत मारून सायकलवरून नेता येत. माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात आमच्या पुण्याच्या घरी दिवाणखान्यात जे जुळवायला घेतले, ते एक्स्ट्रा ३३० एससी या जर्मन कसरतीच्या विमानाचे चाळीस टक्के मापाचे रूप. मूळ विमानाचा पंखविस्तार साडेसात मीटर, याचा तीन. पुढे दीडशे सीसीचे पेट्रोल इंजिन. आमची सौ. तेव्हापासून पाहुण्यांना स्वयंपाकघरातच बसवू लागली.

हे विमान लाकडाचे नव्हे, कॉम्पोझिटचे. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांचे कापड इपॉक्सीत भिजवून साच्यात बसवतात, दोन पापुद्र्यांच्या मधे हलका फोम नाहीतर मधाच्या पोळ्यासारखी जाळी घालतात, आणि शिंपल्याची दोन पाळी मिटावीत तसे दोन भाग जोडतात. रंगही साच्यातच चढतो. त्यामुळे खोके उघडले की विमान तयारच वाटते. शेजारचे काका म्हणाले, ‘‘आता काय, पंख लावले की झाले!’’

पंख लावायला दहा मिनिटे पुरतात, हे खरेच. धडातून आरपार जाणाऱ्या नळीवर दोन्ही बाजूंनी ते सरकवायचे आणि बोल्ट आवळायचे. महिने जातात ते त्याआधीच्या कामात, आणि ते काम पुढे कुणाच्या नजरेला पडत नाही.

साच्यातून भाग सुटून यावा म्हणून साच्याला मेण लावलेले असते. त्याचा अंश भागावर राहतो. अशा गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर इपॉक्सी लावली तर ती वाळते, कडक होते, हाताला पक्की लागते. आणि खरा भार आला की पापडासारखी सुटते. म्हणून आधी पॉलिश पेपरने चकाकी मारायची, अल्कोहोलने पुसायचे, मगच जोडायचे. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या कर्जाची कागदपत्रे फार देखणी, तिथे मी चष्मा पुसून बसत असे.

इपॉक्सी आणि हार्डनर सोनाराच्या काट्यासारख्या वजनकाट्यावर मोजायचे. एकदम जास्त कालवले तर पेला हातात धरवत नाही इतका तापतो. कार्बनची धूळ अंगाला खाजते, फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही, शिवाय तिच्यातून वीज वाहते. कार्बन रेडिओलहरीही अडवतो; म्हणून रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या भागापासून लांब, काचतंतूच्या बाजूला. एकेका एलेरॉनला दोन-दोन सर्व्हो मोटारी. दोघी एकाच वेळी, सारख्याच फिरल्या पाहिजेत. नाहीतर एकमेकींशी झुंजून बॅटरी पिऊन टाकतात. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांसारखे हे प्रकरण. दोन अधिकाऱ्यांचे पटत नसेल तर तिजोरी उघडायची कशी?

पहिल्या उड्डाणाला तीन दिवस राहिले होते. मित्रांना आवतणे गेली होती. मी शेपटीपाशी बसून सहज विचारले, ‘‘हे हॉर्न घासून लावलेस ना रे?’’

हॉर्न म्हणजे हलत्या फळीत रोवलेला फायबरचा कान. सर्व्होची दांडी त्याला ओढते आणि फळी वरखाली होते. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मामा, एलिव्हेटरचे रात्री उशिरा लावले होते. आठवत नाही.’’

आठवत नाही, हे उत्तर मी ऑडिटमध्ये शेकडो वेळा ऐकले आहे. त्यानंतर माणूस काय करतो, ते पाहण्यासारखे असते. याने पक्कड आणली. पहिला कान हलला नाही. दुसरा कट्दिशी हातात आला. मुळाशी चकाकी जशीच्या तशी.

असा कान हवेत सैल झाला तर फळी फडफडू लागते. फ्लटर म्हणतात त्याला. क्षणार्धात शेपूट फाटते. मग सोळा किलोचा ऐवज कुठे पडेल, ते मैदानावर उभ्या असलेल्यांच्या नशिबावर. आणि हे तपासायला कुणी साहेब येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अशा मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हौशी माणसाच्या दृष्टीने नियम सोयीचा आहे. मला मात्र त्या रात्री तो फार मोठ्या विश्वासाचा वाटला.

भाच्याने एलिव्हेटरचे सगळे कान उखडले, पक्का बसलेलासुद्धा. रंगाचे टवके उडाले. मित्रांना फोन करून कार्यक्रम पुढे ढकलला; कारण काय सांगितले, ते मी विचारले नाही. पुन्हा घासणे, पुसणे, भरणे आणि दिवसभर थांबणे. मग तोल. नाक जड असेल तर विमान आळसटते आणि शेपूट जड असेल तर एकदाच उडते, असे या छंदातले लोक म्हणतात. बॅटऱ्या चार बोटे मागे सरकवल्यावर आमचे विमान सरळ राहिले.

दोन आठवड्यांनी ते उडाले. आठ मिनिटांनी उतरले. लोक टाळ्या वाजवत पुढे आले. भाच्याने इंजिन बंद केले आणि कुणाशी बोलण्याआधी शेपटीपाशी जाऊन एकेक कान चिमटीत धरून हलवून पाहू लागला.