न जेवणारा पाहुणा

(पाळलेला प्राणी जेवेनासा झाला, की आपण काळजीत पडतो. त्याला बोलता येत नाही. मग त्याचे दुखणे ओळखायचे कसे? सरडगुहिरा या प्राण्याच्या उदाहरणातून या पाठात ते समजावून सांगितले आहे.)

मी तेव्हा सहावीत होतो. पावसाळा नुकताच संपला होता. शाळेतून परत येताना मला बोरीच्या झाडावर एक हिरवागार प्राणी दिसला. तो एकेक पाऊल जपून टाकत होता. पाऊल उचलायचा, झुलायचा, थांबायचा आणि मग पुढे जायचा. त्याला पकडायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

घरी आणून मी त्याला चपलांच्या खोक्यात ठेवले. हवेसाठी खोक्याला भोके पाडली. आत भाताची शिते, पोळीचा तुकडा, चार मेलेल्या माशा आणि वाटीभर पाणी ठेवले. दर तासाला मी झाकण उघडून पाहत होतो. पाहुणा काही जेवेना. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा हिरवा रंग काळपट झाला आणि डोळे खोल गेले.

मी घाबरलो. शेजारी एक शेतकरी चाचा राहत असत. मी खोके घेऊन त्यांच्याकडे धावलो. म्हणालो, "चाचा, हा रुसून बसला आहे. काही खातच नाही."

चाचांनी खोक्यात पाहिले आणि ते म्हणाले, "बेटा, हा रुसलेला नाही. तू त्याला जेवायला दिलेच नाहीस."

मी चकित झालो. खोके तर खाण्याने भरले होते! चाचांच्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी नीट कळला. तोच आज तुम्हांला सांगतो.

या प्राण्याला मराठीत सरडगुहिरा म्हणतात. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव शॅमेलिऑन. तुम्ही घरी त्याला गिरगिट म्हणत असाल. पण कुंपणावर मान हलवणाऱ्या साध्या सरड्यालाही आपण गिरगिटच म्हणतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण त्या साध्या सरड्याची आहे. सरडगुहिरा धावत नाही. त्याची पावले चिमट्यासारखी असतात आणि शेपटी फांदीला वेटोळे घालते. त्याचा एक डोळा पुढे पाहत असतो, तेव्हा दुसरा मागे पाहू शकतो.

मग इतका संथ प्राणी शिकार कशी करतो? त्याची जीभच त्याची शिकारी आहे. शेपटी सोडून उरलेल्या शरीरापेक्षाही ती लांब जाते. किडा दिसला, की तो दोन्ही डोळे त्याच्यावर रोखतो आणि क्षणार्धात जीभ फेकतो. जिभेच्या टोकावरचा चिकट द्रव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट असतो. त्याला चिकटलेला किडा सुटत नाही.

जगात शॅमेलिऑनच्या अनेक जाती आहेत. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागात एक जात आढळते. तिच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक ही जात घरी पाळतात. या पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार कोणती, माहीत आहे? "आमचा शॅमेलिऑन खात नाही!"

न खाणे हा हट्ट नव्हे. आपल्याला ताप आला, की आपली भूक जाते. तसेच हे आहे. न खाणे ही एक खूण आहे. त्या खुणेमागचे कारण शोधावे लागते.

पहिले कारण तहान. शॅमेलिऑनला वाटीतले स्थिर पाणी पाणी म्हणून सहसा ओळखताच येत नाही. रानात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून तहान भागवतो. पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने मरू शकतो. तहानलेला शॅमेलिऑन खात नाही. त्याचे डोळे खोल जातात. त्याच्या विष्ठेबरोबर एक पांढरा भाग पडतो. तो पिवळा किंवा नारिंगी दिसू लागतो. म्हणून जाणकार लोक पिंजऱ्यात जिवंत झाडे ठेवतात आणि रोज त्यांच्या पानांवर पाणी फवारतात.

दुसरे कारण थंडी. आपले शरीर स्वतः उष्णता निर्माण करते. सरपटणाऱ्या प्राण्यांना ती बाहेरून घ्यावी लागते. अंग पुरेसे तापले नाही, तर त्यांना अन्न पचत नाही आणि मग भूकही लागत नाही. येमेनी शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात वरच्या एका फांदीजवळ दिवा लावून सुमारे ३० अंश सेल्सिअस ऊब ठेवतात. बाकीचा भाग थंड असतो. ऊब हवी तेव्हा तो फांदीवर येतो, नको तेव्हा पानांत जातो.

तिसरे कारण प्रकाशाची उणीव. उन्हातील अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल, तर अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडे मऊ होतात, पाय वाकतात आणि जिभेतला जोर जातो. असा प्राणी किड्याकडे टक लावून पाहतो. पण त्याला जीभ फेकताच येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याला खायचे नाही. खरे तर त्याला खायचे असते. पण खाता येत नसते! घराच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा येथे उपयोग होत नाही, कारण हे किरण काच अडवते. त्यासाठी वेगळा दिवा लागतो आणि किड्यांवर कॅल्शियमची पूडही भुरभुरावी लागते.

चौथे कारण भीती. हा प्राणी एकटा राहणारा आहे. समोर दुसरा शॅमेलिऑन, मांजर किंवा सतत डोकावणारी माणसे असली, तर तो खात नाही. काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंबही त्याला शत्रू वाटते. नव्या घरी आल्यावर काही दिवस तो अन्नाला तोंड लावत नाही, ते यामुळेच. तेव्हा त्याला हातात घेऊ नये. पिंजरा उंचावर, शांत जागी ठेवावा. खाद्य ठेवावे आणि आपण दूर व्हावे.

या ठिकाणी रंगाबद्दल थोडे सांगतो. जेथे बसेल तेथला रंग तो घेतो, असा आपला समज आहे. तो बरोबर नाही. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्कर बेटावरच्या एका शॅमेलिऑनच्या त्वचेचा अभ्यास केला. त्वचेतील पेशींमध्ये अतिशय सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यामधील अंतर बदलले, की रंग बदलतो, असे त्यांना आढळले. भीती, राग, ऊन, थंडी यांप्रमाणे रंग पालटतो. म्हणून अंग काळपट दिसले, तर हा प्राणी सुखात नाही, असा संशय घ्यावा.

पाचवे कारण खाद्य. शॅमेलिऑनची नजर हालचाल टिपते. मेलेली माशी त्याच्या लेखी माशीच नव्हे. त्याला जिवंत रातकिडे, नाकतोडे, अळ्या हव्यात. रोज एकच किडा दिला, तर तो कंटाळतो. किडा बदलला, की पुष्कळदा भूक परत येते. मात्र कीटकनाशक मारलेल्या शेतातले किडे देऊ नयेत. काजवेही देऊ नयेत. त्यांच्या काही जाती अशा प्राण्यांना विषारी ठरतात. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत, कारण ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.

कधी कधी न खाणे स्वाभाविकही असते. कात टाकताना भूक मंदावते. वाढ पूर्ण झालेला नर पिल्लापेक्षा कमी खातो; एक-दोन दिवस त्याने काही खाल्ले नाही, तर घाबरू नये. अंडी घालण्याची वेळ आली, की मादी खाणे सोडते. तिला खणण्यासाठी ओलसर वाळू-माती द्यावी लागते. ती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते.

मग करायचे काय? आधी पाणी, ऊब, प्रकाश आणि शांतता या चार गोष्टी तपासाव्यात. त्यानंतर खाद्य बदलून पाहावे. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे, कारण डोळ्यांना न दिसणारी घट वजनकाट्यावर दिसते. प्राणी दिवसा डोळे मिटून बसत असेल, फांदीवरून पडत असेल, त्याचे तोंड सुजले असेल किंवा वजन उतरत असेल, तर उशीर न करता पशुवैद्याकडे जावे. पोटातील जंत किंवा तोंडातील जखमही भूक मारते. घरी जबरदस्तीने तोंड उघडून घास कोंबू नये. त्याने नाजूक जबडा मोडतो आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

आता आपल्या बोरीवरच्या सरडगुहिऱ्याकडे वळू. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. तिला पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मी खोक्यात केले, ती चूक होती. काही लोक तो विषारी आहे असे समजून त्याला मारतात. त्याला विष नसते. उलट पिकांवरचे किडे खाऊन तो शेतकऱ्याला मदतच करतो. परदेशी जातीचा शॅमेलिऑन कोणी पाळला, तर त्याचीही सरकारकडे नोंद करावी लागते. कंटाळा आला म्हणून तो रानात सोडणेही बरे नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा आणि हवाई येथे येमेनी शॅमेलिऑन असेच मोकळे झाले आणि आता तेथे रानातच वाढत आहेत.

त्या संध्याकाळी चाचांनी खोक्यात एक काठी धरली. सरडगुहिरा हळूहळू तिच्यावर चढला. आम्ही त्याला त्याच बोरीच्या झाडावर नेले. चाचांनी लोट्यातले पाणी हातात घेऊन पानांवर शिंपडले. पानांच्या टोकांवर थेंब लोंबू लागले. थोडा वेळ तो नुसता बसून राहिला. मग त्याने एक थेंब चाटला, दुसरा चाटला. तो कितीतरी वेळ पाणी पीत होता. वाटीभर पाण्याशेजारी तो तीन दिवस तहानेलाच होता!

त्याने किडा पकडला की नाही, ते मला दिसले नाही. अंधार पडू लागला होता. पण सकाळी मी गेलो, तेव्हा तो झाडाच्या वरच्या फांदीवर उन्हात बसला होता आणि त्याचा रंग पुन्हा हिरवा झाला होता.

मी त्याला मला जे आवडते ते दिले होते. त्याला काय हवे, हे मी विचारात घेतले नव्हते. कोणत्याही मुक्या जिवाची काळजी घ्यायची, तर आधी त्याचे जगणे समजून घ्यावे लागते.

शब्दार्थ

क्षणार्धात – अगदी थोड्या वेळात
शिरस्त्राण – लढाईत डोक्यावर घालायचे लोखंडी टोप
उणीव – कमतरता
अंगी लागणे – शरीराला उपयोगी पडणे
कात टाकणे – अंगावरची जुनी त्वचा टाकणे
दगावणे – मरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने सरडगुहिऱ्याला कशात ठेवले होते?
(आ) शॅमेलिऑन रानात आपली तहान कशी भागवतो?
(इ) घरी जबरदस्तीने घास का भरवू नये?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) "तू त्याला जेवायला दिलेच नाहीस," असे चाचा का म्हणाले?
(आ) खायचे असूनही शॅमेलिऑनला कधी खाता येत नाही?

३. वाक्यांत उपयोग करा.
तोंड न लावणे, टक लावून पाहणे, चकित होणे

४. 'सरड्यासारखे रंग बदलणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा. याच अर्थाचा उर्दूतील वाक्प्रचार वर्गात सांगा.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या प्राण्याचे किंवा पक्ष्याचे, त्याला न पकडता, आठवडाभर निरीक्षण करा. तो काय खातो आणि पाणी कसे पितो, ते वहीत लिहा.