आत्मप्रतिमा आणि विद्यार्थ्यांचा विशेषांक

लखनौ शहरात ‘गंजिंग’ असा एक शब्द रूढ आहे. हजरतगंज या बाजारपेठेत काही खरेदी करावयाची नसतानाही संध्याकाळी जरा नीटनेटका पोशाख करून रमतगमत हिंडणे, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलणे, कॉफी घेणे आणि घरी परतणे, एवढाच त्याचा अर्थ. १८४२ मध्ये गादीवर आलेले नबाब अमजद अली शाह यांना लोक ‘हजरत’ म्हणत. बाजाराचे नाव त्यांच्यावरून पडले. त्यांची कबरही येथील सिब्तैनाबाद इमामबाड्यातच आहे. गंजमध्ये माणूस पाहावयास येतो, तसाच दिसावयासही येतो. २०१० च्या सुमारास बाजाराला २०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने तेथील इमारतींना एकच रंगसंगती देण्यात आली आणि दुकानांचे फलक एकसारखे करण्यात आले. म्हणजे रस्त्यालाही आपण कसे दिसतो याची चिंता असतेच!

समजा, या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या नियतकालिकाच्या विशेषांकासाठी ‘समाजमाध्यमे आणि आत्मप्रतिमा’ हा विषय निवडला. पहिला खर्डा कसा उतरेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. मोबाईल नव्हते तेव्हा माणसे आपल्या रूपाविषयी निश्चिंत होती, असे एक विधान आरंभी येईल. मध्ये एक भयसूचक आकडा येईल. शेवटी उपदेश येईल. मुखपृष्ठावर वर्गातील एका मुलीचा चेहरा असेल. अर्धा जसा आहे तसा, अर्धा ‘फिल्टर’ लावून उजळलेला.

आरंभीचे विधान लखनौमध्ये तरी टिकत नाही. दरोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये शहरातील वास्तूंच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी गायिका व नर्तिकांच्या छायाचित्रांचे एक पुस्तकही काढले. कॅमेऱ्यासमोर ठेवणीतला पोशाख करून, दागिने घालून बसणे आणि तो चेहरा अनोळखी लोकांच्या हाती जाणे, ही गोष्ट या शहराला दीडशे वर्षांची परिचित आहे. गोरेपणाच्या हव्यासालाही समाजमाध्यमांची वाट पाहावी लागली नाही. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ पासून भारतीय बाजारात होते. त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गाळण्यात आला. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी’ हे विशेषण तर सर्वांच्याच परिचयाचे आहे.

मग नवे काय? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते. दुसऱ्याला आपण कसे दिसत असू याची माणूस कल्पना करतो. तो आपल्याविषयी काय मत बनवीत असेल याची कल्पना करतो. आणि त्यातून त्याला अभिमान किंवा शरम वाटते. या तिन्ही पायऱ्यांत ‘कल्पना’ महत्त्वाची आहे. गंजमध्ये फिरताना कोणी आपल्या नव्या सदऱ्याकडे पाहिले की नाही, हे निश्चित कळत नाही, आणि ही अनिश्चितता मोठी दयाळू असते. समाजमाध्यमांवर तिची जागा संख्या घेते. किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, मैत्रिणीच्या छायाचित्राला किती मते पडली, हे सारे मोजून समोर येते आणि दुसऱ्या दिवशीही तेथेच राहते. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये ही संख्या झाकून ठेवण्याचे प्रयोग काही देशांत केले. २०२१ पासून ती झाकावी की नाही हे वापरणाऱ्यावर सोपविण्यात आले. दुसऱ्या खर्ड्यात या भागाला सर्वांत अधिक जागा द्यावयास हवी.

आता आकडा. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुक कंपनीची अंतर्गत संशोधनाची कागदपत्रे उघड केली. त्यांतील एक आकडा जगभर पसरला: ३२ टक्के. घाईने लिहिणारा विद्यार्थी लिहील, ‘इन्स्टाग्राममुळे एक तृतीयांश मुलींना स्वतःच्या शरीराचा तिटकारा वाटतो.’ कागदात तसे नव्हते. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्रामने ते अधिक वाईट वाटते असे सांगितले होते. दोन वाक्यांत फार अंतर आहे. तरीही दुसरे वाक्य सौम्य नाही. जी आधीच दुखावलेली आहे तिलाच अधिक दुखापत होते, असे ते सांगते.

याउलट, एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवरून असे दाखविले की, त्यांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. म्हणून भीती निराधार आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु ही सरासरी आहे आणि ती सर्व प्रकारच्या पडद्यांची आहे. अभ्यासाचे पाठ पाहणारा मुलगा आणि रात्री दोन वाजता स्वतःचे छायाचित्र पुन्हा पुन्हा उघडून पाहणारी मुलगी यांना ती एकाच राशीत घालते. दोन्ही आकडे अंकात शेजारी शेजारी छापले आणि प्रत्येक आकडा कोणाविषयी आहे हे सांगितले, तर वाचकाला अधिक कळेल. उपदेशाचे पान त्यासाठी खुशाल काढून टाकावे.

राहिले मुखपृष्ठ. अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा सावळा दाखविणारे चित्र प्रभावी दिसते खरे. पण ते त्या मुलीचा चेहरा शेकडो लोकांसमोर तुलनेसाठीच मांडते. वाचक दोन बाजू पाहील, मनात निवड करील, आणि ती निवड कोणती असेल हे त्या मुलीला ठाऊक असते. तिने होकार दिला असला तरी तो मित्रांच्या आग्रहाने दिला की समजून दिला, हे संपादकांनी तिला एकटीला विचारले पाहिजे. अंकाची प्रत मोबाईलवरून गावभर जाणार, हेही तिला आधी सांगावयास हवे, कारण एकदा गेलेली प्रत परत मागविता येत नाही.

चेहऱ्याऐवजी संध्याकाळच्या हजरतगंजचे छायाचित्र घेता येईल. मात्र त्यातही मागे चालणारी माणसे असतील. तेव्हा कॅमेरा दूर ठेवून, चेहरे ओळखू येणार नाहीत अशा उजेडात ते टिपावे लागेल.